बालाघाटाला पाहुणे हवेत, पण गावाच्या अटीवर

घांद्रुक, सिक्लेस, घलेगाव ही नेपाळमधली गुरुंग गावं पुण्या-मुंबईच्या ट्रेकर मंडळींच्या ओळखीची झाली आहेत. गावातलाच वाटाड्या, गुरुंग घरातला मुक्काम, चुलीपुढं बसून खाल्लेला नाचणीचा ढिंडो यांच्याबद्दल ही मंडळी शिखरांइतक्याच मायेनं बोलतात. पण हेच बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरात का होऊ नये, असं विचारलं की सूर बदलतो. तिथं पाहायचं काय, असं एक जण म्हणतो. दुसरा म्हणतो, गरिबांच्या घरात शहरी माणसं डोकावतील, हे चांगलं नव्हे. तिसरा हिशेब मांडतो: चार पाहुणे आल्यानं ऊसतोड थांबणार आहे का? बाहेरच्यांनी असं म्हटलं तर मी समजू शकतो. आमच्या जिल्ह्यातली शिकलेली माणसंही हेच बोलतात, त्याला मात्र उत्तर द्यायला हवं.

पाहायचं काय, हा आक्षेप सर्वांत दुबळा, म्हणून तो आधी संपवतो. नगरहून बीडकडे येताना जामखेड ओलांडलं की सौताडा लागतं. पावसाळ्यात विंचरणेचा प्रवाह तिथं कड्यावरून थेट दरीत कोसळतो आणि दरीच्या तळाशी रामेश्वराचं देऊळ आहे. त्याच पाटोदा तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य आहे, १९९४ साली घोषित झालेलं. गहिनीनाथांचा गड आहे. शेजारच्या आष्टी तालुक्यात मच्छिंद्रनाथांचं सावरगाव आहे. बीडजवळ कपिलधारचा धबधबा आणि मन्मथस्वामींची समाधी, पलीकडे धारूरचा किल्ला, अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी. हे सगळं एकाच डोंगररांगेच्या अंगाखांद्यावर आहे आणि या ठिकाणांना जोडणाऱ्या पायवाटा पिढ्यान्‌पिढ्या चालत्या आहेत. आषाढीला पैठणहून निघालेली एकनाथांची पालखी याच जिल्ह्यातून, पाटोद्यावरून पंढरपूरकडे जाते. मुक्ताबाईंची पालखीही बीडवरून जाते. गावोगावी दिंड्यांना जेवू घातलं जातं. पायी आलेल्या माणसाला ओसरीवर जागा देणं इथल्या गावांना कोणी शिकवावं लागत नाही.

संस्कृती म्हणजे नाच आणि पोशाख एवढाच अर्थ धरला तर बीड रिकामं दिसेलही. पण हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचा जो प्रचंड संग्रह केला, त्यात माजलगावच्या बायकांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्या आहेत. ज्या जिल्ह्यात बाई दळताना घटनाकाराला गाते, त्या जिल्ह्याला सांगण्यासारखं काही नाही, असं म्हणणाऱ्यानं तो जिल्हा ऐकलेलाच नाही.

आता हिमालयाची गोष्ट. गुरुंग गावांचं यश बर्फाच्या शिखरांमुळं आहे, असं आपण धरून चालतो. शिखरांचा वाटा आहेच, तो कोण नाकारील? पण नेपाळमध्ये गावाच्या पाहुणचाराचा नमुना म्हणून ज्याचं नाव घेतात ते सिरुबारी हे स्याङ्जा जिल्ह्यातलं गुरुंग गाव, अन्नपूर्णेच्या नावाजलेल्या वाटांपासून बाजूला आहे. १९९७ च्या सुमारास त्या गावानं ठरवलं की पाहुणा एखाद्या घराचा नसेल, गावाचा असेल. गावाची समिती पाहुण्यांना घरं वाटून देते आणि घरांची पाळी लावलेली असते. हॉटेल नाही, घराघरांत भावाची ओढाताण नाही. घांद्रुकमध्येही अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचं काम १९८६ साली सुरू झालं ते गावसमित्या आणि आयांचे गट यांना हाताशी धरून, आणि पर्यटकांकडून घेतलेल्या प्रवेशशुल्कातून तिथलीच कामं झाली. म्हणजे जे आपल्याला उचलता येतं ते या गावांनी घालून घेतलेली शिस्त आहे, आणि ती शिस्त आठ हजार मीटर उंचीच्या डोंगराशिवायही पाळता येते. महाराष्ट्रातच अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडीत महादेव कोळी घरांनी ती पाळून दाखवली आहे. काजवे पाहायला येणारा शहरी माणूस तिथं पाळीनं कोणाच्या तरी घरी जेवतो आणि गावातलाच तरुण त्याला रानात नेतो.

दुसरा आक्षेप मात्र जड आहे आणि तो करणाऱ्यांच्या मनात गावाबद्दल आस्था आहे. २०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या बातम्यांनी बीडचं नाव देशभर गेलं. त्याआधी २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं ८०७ मुली, म्हणून ते गाजलं होतं. अशा जिल्ह्यात पाहुणा दुःख बघायला येईल, मोबाईल काढून कोयत्याचे आणि कोपीचे फोटो घेईल, ही भीती खरी आहे. गुरुंगांकडेही हे घडलं. रोधी म्हणजे गावातल्या तरुण-तरुणींनी रात्री एकत्र जमून गाण्याची, बोलण्याची जागा. काठमांडू-पोखऱ्यात आज त्या नावानं गाण्याची रेस्टॉरंटं चालतात. संस्कृती विकाऊ होते ती अशी.

पण या भीतीतून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. पाहुणा आजही येतोच आहे. पावसाळ्यातल्या रविवारी सौताड्याला गाड्यांची रांग लागते. माणसं कड्याच्या टोकाशी जाऊन सेल्फी घेतात, प्लास्टिक टाकतात आणि संध्याकाळी परत जातात. वाटाड्या नाही, ओळख नाही, गावाशी चार शब्द नाहीत. सन्मान जातो तो अशा पाहुण्यामुळं, ज्याला गावानं बोलावलेलं नाही आणि ज्याला काही सांगायची गावाला सोय नाही. गावानं बोलावलेल्या पाहुण्याला अटी घालता येतात. कोणत्या वाटेनं जायचं, कोणत्या घरात शिरायचं नाही, कशाचा फोटो काढायचा नाही हे गाव ठरवतं. बंजारा तांड्यावरच्या बाईनं पाहुण्यासाठी फेटिया-कांचळी घालून उभं राहायचं नाही, ही त्यातली पहिली अट असावी. जे गावात एरवी होत नाही ते पाहुण्यासाठी करायचं नाही. पोळा आहे, हरिनाम सप्ताह आहे, गडावरची यात्रा आहे. ते त्यांच्या दिवशी होतील, पाहुण्याचा योग असेल तर त्याला दिसतील.

सिरुबारीची एक गोष्ट मात्र आपण उचलू नये. तिथं पाहुण्यांच्या स्वागताला पंचेबाजा वाजवतात ते दमाई, म्हणजे दलित. मुक्काम मात्र गुरुंगांच्या घरी. वाजंत्री एकाची आणि पाहुणा दुसऱ्याचा, ही वाटणी आपल्याला अनोळखी नाही. बीड जिल्ह्यात हे काम उभं राहायचं असेल तर पाळीच्या यादीत बौद्ध वस्तीतलं घर आणि तांड्यावरचं घर पहिल्या दिवसापासून हवं. ज्या पाहुण्याला त्या घरची भाकरी चालत नाही, त्याला गावानं घेऊ नये. ही अट पाळता येत नसेल तर मीच म्हणेन, हा उद्योग करू नका.

आता ऊसतोडीचा हिशेब. चार पाहुण्यांनी ऊसतोड थांबणार नाही, हे मान्य. पण आमच्या गावांचं वर्ष कसं चालतं ते आधी बघा. दसरा-दिवाळीनंतर कोयते निघतात, नवरा-बायको मिळून एक कोयता. पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांवर चार-पाच महिने जातात. मार्च-एप्रिलकडे माणसं परततात. मग पावसाळ्यात, पेरणीला, दवाखान्याला, मुलीच्या लग्नातून राहिलेल्या देण्याला पैसा लागतो, आणि तो मुकादमाकडून उचल म्हणून येतो. त्या उचलीनं पुढचा हंगाम आधीच बांधला जातो. म्हणजे माणूस विकत घेतला जातो तो ऊस तोडताना नव्हे, त्याच्या आधीच्या रिकाम्या महिन्यांत.

आणि बालाघाट चालण्यासारखा असतो तो नेमका याच महिन्यांत! जुलैपासून डोंगर हिरवे होतात, ऑगस्ट-सप्टेंबरात ओढे आणि पाझर तलाव भरलेले असतात, सप्टेंबर-ऑक्टोबरात डोंगरातली सीताफळं डोळे उघडू लागतात. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते झाडावरून उतरवून लगेच खाण्याची गोडी बाजारातल्या पेटीत येत नाही. नेपाळमध्ये पावसाळा म्हणजे वाटा ओस पडण्याचा काळ, आमच्याकडे उलट. माणसं घरी असतात, डोंगर भरात असतो आणि पैशाची तंगी असते. या तीन गोष्टी एकाच वेळी जुळून येतात, हा योगायोग आजवर कोणी हिशेबात का धरला नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं. वाटाड्याची मजुरी, दोन दिवसांचं जेवण, ओसरीवरचा मुक्काम यांतून एका घराला पावसाळ्यात मिळणारी रक्कम मोठी नसेल. पण उचल तेवढ्यानं कमी घेतली, तर मुकादमासमोर ते घर तेवढंच ताठ उभं राहील. माझा दावा एवढाच आहे आणि तो मला लहान वाटत नाही.

याच हिशेबातून काही बंधनंही निघतात. फेब्रुवारी ते जून पाहुणे घ्यायचे नाहीत. टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या गावानं दुसऱ्याच्या आंघोळीची सोय करू नये. डिसेंबर-जानेवारीच्या हुरड्याला शहरातून मागणी येईल, पण तेव्हा घरी म्हातारी माणसं आणि नातवंडं उरलेली असतात. त्यांच्या जिवावर पाहुणचार उभा करायचा नाही.

मोबाईलवर नकाशा असताना वाटाड्या कशाला, असंही विचारतात. नेपाळनं २०२३ च्या एप्रिलपासून ट्रेकिंगच्या वाटांवर परवानाधारक वाटाड्या सक्तीचा केला, तो मुख्यतः माणसं हरवण्याच्या भीतीनं. बालाघाटात हरवण्याची भीती कमी. इथं वाटाड्या लागतो तो बांधाबांधावरून नेण्यासाठी: कोणाच्या तुरीतून जायचं नाही, मोर कुठं उतरतात आणि त्यांना कधी उठवायचं नाही, कोणत्या बारवेचं पाणी पितात, निसरडा कडा कुठं सुरू होतो. वीस वर्षं शेळ्या राखलेल्या माणसाला हे ठाऊक असतं. त्या ज्ञानाला आमच्याकडे आजवर कोणी मोल दिलेलं नाही. त्याचं मोल पैशात मोजून त्याच्या हातात ठेवलं जावं, हे मला या सगळ्या खटाटोपातलं सर्वांत न्यायाचं काम वाटतं.

एक अडचण मी झाकणार नाही. सिरुबारीच्या घरांना फौजेच्या निवृत्तिवेतनाचा आधार होता. गुरुंगही गाव सोडून जाणारेच, पण भारतीय आणि ब्रिटिश फौजेतून परतलेला गुरुंग पेन्शन घेऊन परतला. आमचा माणूस कारखान्यावरून अनेकदा फिटायचं राहिलेलं देणं घेऊन परततो. त्यानं संडास-न्हाणीघर कशातून बांधायचं? २०२० साली राज्यानं कृषी पर्यटनाचं धोरण आणलं खरं, पण ते शेताच्या मालकाला धरून आहे. ज्याच्याकडे रान नाही, असलंच तर खडकाळ बरड आहे, तो त्यात बसत नाही. बागायतदाराच्या शेतावर झोपाळे आणि हुरडा पार्टी होते, तांडा बाहेरच राहतो. म्हणून ही नोंदणी गावाच्या नावावर व्हावी, बायकांच्या बचत गटाच्या नावावर व्हावी, आणि पहिली मदत घरांना नव्हे तर गावाच्या सामायिक न्हाणीघराला, स्वच्छतागृहाला आणि वाटाड्यांच्या प्रशिक्षणाला मिळावी.

१७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, नगरहून बीडपर्यंत रेल्वे सुरू झाली. अनेक दशकं जिची वाट पाहिली ती गाडी आता आष्टी आणि रायमोह्याच्या डोंगरांतून धावते. तिच्यामागून जमीन घेणारे येतील, रिसॉर्टचे फलक लागतील. एकदा कडा आणि ओढा कुंपणात गेला की गावाच्या अटी ऐकायला कोणी थांबणार नाही. त्याआधी गावानं बोलायला हवं. त्याला मुहूर्तही सोयीचा आहे: १ मेची ग्रामसभा. तेव्हा कोयते परतलेले असतात, पाऊस आलेला नसतो आणि बहुतेक घरांनी पुढच्या हंगामाची उचल अजून घेतलेली नसते. सौताडा, नायगाव आणि गडाच्या वाटेवरच्या गावांनी येत्या १ मे रोजी पाळीची यादी आणि पाहुण्यांच्या अटी ठराव म्हणून मांडाव्यात. सभेला बायका बसलेल्या असाव्यात, तांड्यावरचे लोक बसलेले असावेत आणि यादी सर्वांसमोर मोठ्यानं वाचली जावी.