गुण आला, तो कोणत्या मापानें ?

टांचेच्या मागें चिमटींत धरतां येणारी जी जाड दोरीसारखी रचना हातास लागते, तिला कंडरा म्हणतात. नांव जुनेंच आहे. सुश्रुतानें स्नायूंचे चार प्रकार सांगून त्यांतील वाटोळ्या स्नायूंस तें दिलें आहे, आणि अस्थि किंवा सांधे बिघडल्यानें होत नाहीं इतकी हानि स्नायु बिघडल्यानें होते, असेंही बजाविलें आहे. फार धांवल्यानें, एकाएकीं श्रम पडल्यानें किंवा वयोमानानें कंडरा दुखावते व तें दुखणें महिनोन्महिने रेंगाळतें. टांच, गुडघा, कोपर, खांदा यांपैकीं एखादें अशा रीतीनें धरलेलें माणूस बहुतेक मोठ्या कुटुंबांत सांपडेल.

यावर उपाय पुष्कळ आहेत : हळूहळू भार वाढविण्याचा व्यायाम, सुईनें दिलेलीं औषधें, लहरींचे धक्के, शस्त्रक्रिया. प्रत्येकास गुण आल्याचे दाखले देणारे निबंधही आहेत. परंतु गुण आला हें ठरविलें कसें ? एकानें जिना उतरतांना होणारी वेदना विचारली. दुसऱ्यानें एका पायावर किती वेळां टांच उचलतां येते तें मोजलें. तिसऱ्यानें ध्वनिलहरींच्या चित्रांत कंडरेची जाडी पाहिली. हे निकाल एकत्र करून कोणता उपाय सरस, हें सांगतां येत नाहीं. १९५६ च्या कायद्यानें वजनमापांत दशमान पद्धति येण्यापूर्वीं शेर आणि मण ठिकठिकाणीं निराळे असत, त्यांतलाच हा प्रकार. मात्र बाजारांत नुकसान पैशाचें होई. येथें ज्या रोग्यांनीं संशोधनासाठीं देह पुढें केला, त्यांचे श्रम वायां जातात.

म्हणून प्रत्येक संशोधकानें निदान काय काय मोजावें, हें तज्ज्ञांनीं विचारपूर्वक ठरविलें, व तो निर्णय २०२० सालीं ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. त्यांत विशेष हा कीं, मत देणारांत २८ वैद्यकव्यावसायिक होते, तर रोगी ३२ होते. शेंकडा ७० मतें पडतील तीच बाब ग्राह्य, असा नियम होता. अशा नऊ बाबी ठरल्या : रोग्याचा स्वतःच्या प्रकृतीविषयींचा एकंदर अभिप्राय, नित्य व्यवहारांतील सहभाग, भार दिला असतां होणारी वेदना, ठराविक मुदतींतील वेदना, कार्य, शारीरिक क्षमता, असमर्थता, मनःस्थिति आणि एकंदर जीवनमान. कंडरेचें चित्र या नवांत नाहीं ! हें योग्यच झालें. कारण चित्रांत दोष असून वेदना नाहीं, असेंही पुष्कळ वेळां आढळतें.

रोग्याच्या बोलण्यास काय प्रमाण, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, पाय ज्याचा, त्याच्यावांचून तो दुखतो कीं नाहीं हें सांगणार कोण ? प्रश्न नीट विचारले पाहिजेत एवढेंच. टांचेच्या कंडरेसाठीं २००१ सालीं ‘व्हिसा-ए’ नांवाची आठ प्रश्नांची, १०० गुणांची प्रश्नावली प्रसिद्ध झाली. तिच्यांतील ४० गुण खेळ व व्यायाम यांविषयींच्या दोन प्रश्नांस आहेत. म्हणजे मैदानावर कधींच न जाणाऱ्या आजीबाईंचा पाय पूर्ण बरा झाला, तरी त्यांस पुरे गुण मिळणें कठीण ! ज्यांचा जन्म उत्तरपत्रिका तपासण्यांत गेला त्या आम्हांस हें चांगलें ठाऊक आहे कीं, नुसत्या बेरजेवरून विद्यार्थ्यास काय येतें तें कळत नाहीं. आणि जो विषय शिकविलाच नाहीं, त्यांत परीक्षा घेणें तर अन्यायच होय.

काय मोजावें हें ठरलें, म्हणजे कशानें मोजावें हें ठरलें असें नव्हे. प्रत्येक सांध्याच्या कंडरेसाठीं योग्य साधनें निवडण्याचें काम निराळें आहे. तोंवर वाचकांनीं एवढें करावें : घरांतील कोणास असें दुखणें असल्यास उपचारापूर्वींच कागदावर लिहून ठेवावें कीं, कोणतें काम करतां येत नाहीं, किती पायऱ्यांनंतर दुखूं लागतें, सकाळीं उठल्यावर पाय किती वेळ आंखडलेला राहतो. महिन्या-दोन महिन्यांनीं तेंच पुन्हां लिहावें. मग “बरें वाटतें का ?” या वैद्यांच्या प्रश्नास “हो, थोडेंसें” यापेक्षां उपयोगी उत्तर देतां येईल.