मध्यमलहरींचा आवाज कोणी घालवला?

सकाळच्या बातम्यांची वेळ झाली की गुरुजी रेडिओ उचलतात आणि माजघरातून ओटीवर येतात. रेडिओ कोनाड्यात ठेवायचा नाही, हा त्यांचा नियम. तो हातात आडवा धरायचा, थोडा पूर्वेकडे, थोडा दक्षिणेकडे असा फिरवायचा आणि खरखर जिथे सर्वांत कमी होईल तिथे पाटावर टेकवायचा. मग घरात हाक जाते, "अगं, माजघरातला दिवा बंद कर!" दिवा बंद होतो आणि खरखरीच्या पडद्याआडून निवेदिकेचा आवाज पुढे येतो. घाटाखालच्या त्या गावी दोन दिवस मुक्कामाला होतो, म्हणून हा विधी जवळून पाहता आला. दिव्याचा आणि रेडिओचा काय संबंध, असे मी विचारले तेव्हा निवृत्तीला पंधराएक वर्षे झालेले हे प्राथमिक शिक्षक मिश्कीलपणे म्हणाले, "अहो, पत्रकार तुम्ही. तुम्हीच शोधून सांगा."

मी कला शाखेचा पदवीधर. विद्युत्‌चुंबकीय लहरी आणि माझी ओळख परीक्षेपुरतीच. परंतु प्रश्न मनात घर करून राहिला, म्हणून ध्वनिक्षेपणाच्या क्षेत्रात आयुष्य घालवलेल्या एका निवृत्त अभियंत्यांकडे जाऊन बसलो. त्यांनी जे सांगितले त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. ‘मध्यमलहरी आता कोण ऐकतो?’ हा आजकाल सर्रास विचारला जाणारा प्रश्न मुळातच उलटा आहे. लोकांनी ऐकणे सोडले म्हणून मध्यमलहरी संपत चालल्या, असे नव्हे. त्या नीट ऐकू येईनाशा झाल्या, कोणी दुरुस्त केल्या नाहीत, आणि आता तीच खरखर त्यांना निरोप देण्याचे कारण म्हणून पुढे केली जात आहे.

प्रथम दिव्याचे. आपण वीज वाचवण्यासाठी घराघरांत एल.ई.डी. दिवे लावले, ते योग्यच केले. पण या दिव्याच्या बुडाशी एक चिमुकले परिपथ असते. घरातील वीज दिव्याला मानवेल अशी करण्यासाठी ते सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होते. मोबाइलच्या चार्जरमध्ये, इन्व्हर्टरमध्ये, नव्या पद्धतीच्या पंख्यांमध्येही हीच युक्ती. स्वस्त मालात या परिपथातून बाहेर पडणारी गळती रोखणारे भाग वाचवलेले असतात आणि ती गळती नेमकी मध्यमलहरींच्या पट्ट्यात, म्हणजे ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झच्या दरम्यान, पसरते. जुन्या गोल बल्बच्या काळात ही कटकट नव्हती. एफ.एम.ला तिचा उपद्रव कमी, कारण त्या लहरींवर आवाज वेगळ्या रीतीने स्वार झालेला असतो. रेडिओ फिरवण्यातही अंधश्रद्धा नाही. मध्यमलहरी पकडणारी फेराइटची कांडी रेडिओच्या पोटात आडवी असते आणि तिला दिशेचे ज्ञान असते. गुरुजी पाटावर जे करतात ते शुद्ध विज्ञान आहे.

मात्र सगळे खापर दिव्यावर फोडून चालणार नाही. गुरुजींनी दिवा मालवल्यावरही जो आवाज येत होता तो बसका, कोंदटलेला होता. मागे सतत एक गुणगुण. स्थानिक निवेदकाचा आवाज इतका हळू की कान लावावा, आणि लगेच दिल्लीहून सहक्षेपित होणारा कार्यक्रम इतका मोठा की दचकावे. बाजारभाव सांगताना ‘सात’ म्हटले की ‘साठ’, हे गुरुजींच्या शेजारच्या शेतकऱ्याला कळले नाही. हा विनोद नाही. त, ट, ठ, स, श या वर्णांची ओळख आवाजाच्या वरच्या पट्टीत दडलेली असते. तीच पट्टी बोथट झाली तर स्वर ऐकू येतात, शब्द हरवतात.

यावर तज्ज्ञ म्हणवणारे लगेच सांगतील की मध्यमलहरींची मर्यादाच ती आहे. अर्धसत्य! या पट्ट्यात शेजारच्या दोन कंप्रतांत अवघे ९ किलोहर्ट्झचे अंतर असते, त्यामुळे सुमारे साडेचार हजार आवर्तनांच्या वरचा नाद छाटावा लागतो, हे खरे. तानपुऱ्याची सगळी झणत्कार तिथे मावत नाही. पण याच अरुंद वाटेवरून १ एप्रिल १९५५ या रामनवमीच्या दिवसापासून पुणे केंद्राने वर्षभर ‘गीतरामायण’ महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचवले. देशातले पहिले एफ.एम. प्रक्षेपण मद्रासला सुरू झाले ते १९७७ मध्ये. म्हणजे गदिमांचे शब्द आणि बाबूजींचे स्वर ज्या पिढीने रेडिओपुढे फुले वाहून ऐकले, तिने ते मध्यमलहरींवरच ऐकले. सुधीर फडक्यांचे शब्दोच्चार इतके स्वच्छ की एकेक अक्षर कळत असे. रस्ता तेव्हाही अरुंदच होता. फरक रस्त्याच्या निगराणीत आहे.

निगराणी म्हणजे काय, हे अभियंत्यांनी कागदावर रेघोट्या ओढून समजावले. मध्यमलहरींचा मनोरा हा नुसता खांब नव्हे. तो स्वतःच प्रक्षेपण करणारा अवयव असतो. मुंबईची चिरपरिचित ५५८ किलोहर्ट्झ ही कंप्रता घ्या. तिच्या एका लहरीची लांबी सुमारे ५३७ मीटर, आणि तिच्या चतुर्थांश उंचीचा मनोरा म्हणजे जवळपास १३४ मीटर. पण मनोऱ्याचा अर्धा कारभार जमिनीखाली चालतो. बुंध्यापासून चारही दिशांना तांब्याच्या तारांचे जाळे पुरलेले असते. ते जाळे कुजले, तुटले किंवा चोरीला गेले, तर वर कितीही किलोवॅटचा प्रक्षेपक ठेवा, शक्ती मातीत मुरते. आपल्या देशावरील कोरडी, खडकाळ जमीन आधीच या लहरींना फारशी साथ देत नाही. खारे पाणी उलट त्यांना हातावर झेलते. म्हणूनच किनाऱ्यावरचे केंद्र खोल समुद्रातल्या होडीवर जितके स्पष्ट लागते तितके तेवढ्याच अंतरावरील डोंगरात लागत नाही. ज्या जमिनीवर जाळ्याची निगा सर्वांत जास्त हवी, तिथे ती खणून तपासायला माणूस नाही. अभियांत्रिकी विभागातील जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या, सुटे भाग जुन्या यंत्रांतून काढून वापरले गेले, आणि वीजबिलाचा आकडा डोळ्यांसमोर ठेवून प्रक्षेपक निम्म्या ताकदीने चालवण्याचे प्रकारही घडले, असे ते म्हणाले. त्यांच्या सांगण्यात तक्रारीपेक्षा खंत अधिक होती.

संध्याकाळ झाली की आणखी एक संकट. दिवसा आकाशातील ‘ड’ थर या लहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो विरतो आणि लहरी वरच्या थरांवरून परावर्तित होऊन शेकडो कोस दूर उतरतात. आपले छोटे केंद्र मग परक्या, बलाढ्य केंद्रांच्या कोलाहलात सापडते. रात्री गावाकडे रेडिओ लावला तर अरबी निवेदन ऐकू येते, मराठी नाही! निसर्गाचा हा खेळ थांबवता येत नाही, परंतु पुरेशा शक्तीने प्रक्षेपण केले तर निदान आपल्या जिल्ह्यात आपला आवाज वर राहतो.

आता धोरणाकडे वळू. अलीकडच्या वर्षांत मध्यमलहरींचे अनेक जुने प्रक्षेपक बंद झाले आणि त्यांची जागा एफ.एम.ने घ्यावी असे ठरले. एफ.एम.चा आवाज गोड आहे, यात वाद नाही. २८ एप्रिल २०२३ रोजी पंतप्रधानांनी एकाच दिवशी ९१ नवे एफ.एम. प्रक्षेपक सुरू केले, त्यात आकांक्षित आणि सीमावर्ती जिल्ह्यांचा विचार होता. त्याचे मनःपूर्वक स्वागत. पण हे प्रक्षेपक प्रत्येकी १०० वॅटचे. एफ.एम. लहर सरळ रेषेत जाते. समोर डोंगर आला की थांबते. सह्याद्रीच्या कुशीतील वाडीला, सातपुड्यातील वनवासी पाड्याला, गडचिरोलीच्या जंगलातील टोल्याला तिचा उपयोग किती? मध्यमलहर जमिनीला धरून चालते, वळणावळणाने दरीत उतरते.

सरकारी आकडेच पाहा. आकाशवाणी आपल्या सेवांचा विस्तार ९२ टक्के भूभागावर आणि ९९.१९ टक्के लोकसंख्येपर्यंत असल्याचे सांगत आली. जानेवारी २०२३ मध्ये २५३९ कोटी रुपयांची ‘बाइंड’ योजना मंजूर झाली, तिचे उद्दिष्ट आकाशवाणीच्या एफ.एम.ची व्याप्ती भूभागाच्या ५९ वरून ६६ टक्क्यांवर आणि लोकसंख्येच्या ६८ वरून ८० टक्क्यांवर नेण्याचे होते. म्हणजे उद्दिष्ट शंभर टक्के साध्य झाले तरी पाचांतला एक भारतीय एफ.एम.च्या बाहेरच राहतो. ९२ आणि ६६ यांच्यामध्ये जो चतुर्थांश देश उरतो, त्याच्या नशिबी काय? तो देश कोणता, हे वनवासी क्षेत्रात आणि सीमेवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना सांगण्याची आवश्यकता नाही.

मोबाइलवर अ‍ॅप आहे, फ्री डिशवर आकाशवाणीच्या वाहिन्या आहेत, असे उत्तर मिळते. जिथे मोबाइलला टॉवर आणि दूरचित्रवाणी संचाला वीज आहे, तिथे हे उत्तर पुरेसे आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. त्यानंतर कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती, मोबाइल मुके होते. अशा वेळी दोन सेलवर चालणारा रेडिओ काय करू शकतो, हे कोकणच्या माणसाला विचारावे. अमेरिकेसारख्या, दर हाती स्मार्टफोन असलेल्या देशात विद्युत मोटारींतून मध्यमलहरींचा रेडिओ काढला जाऊ लागला, तेव्हा २०२३ मध्ये दोन्ही पक्षांच्या लोकप्रतिनिधींनी तो प्रत्येक मोटारीत सक्तीचा करणारे विधेयक मांडले. कारण एकच, आपत्तीचा इशारा. पाश्चात्त्यांचे अनुकरण करण्याची हौस आपल्याकडे दांडगी. इथे मात्र ती दिसली नाही.

अंकीय प्रक्षेपणाचा, म्हणजे डी.आर.एम.चा, पर्याय खरे तर उत्तम आहे. मध्यमलहरींवरूनच, पण एफ.एम.च्या तोडीचा आवाज. आकाशवाणीने त्यासाठी ३५च्या आसपास प्रक्षेपक उभारले. काही मोटारींत ते ऐकण्याची सोय आहेही. पण गुरुजींना परवडेल असा संच तालुक्याच्या बाजारात कुठे आहे? घाट बांधला आणि पाणी सोडायचे राहिले, अशी ही गत. स्वदेशी बनावटीचा स्वस्त संच तयार करण्यास उत्तेजन देणे, ‘आत्मनिर्भर भारत’ म्हणणाऱ्यांना अवघड वाटू नये.

आपल्या घरांतून आकाशवाणीविषयी प्रेम आणि राग दोन्ही नांदत आले आहेत. २६ जून १९७५ च्या सकाळी याच लहरींवरून आणीबाणीची घोषणा झाली. नंतरच्या एकवीस महिन्यांत, खरी बातमी कळावी म्हणून दारे लोटून लघुलहरींवर बी.बी.सी. ऐकणारी कुटुंबे आपल्यापैकी कित्येकांनी पाहिली. मी तेव्हा पाच-सहा वर्षांचा होतो. वडील रेडिओला कान चिकटवून बसलेले तेवढे आठवतात. आपलीच वाणी विश्वासार्ह नसली की देश परक्या वाणीकडे कान लावतो, हे त्या काळाने शिकवले. आपली वाणी ऐकूच येत नसेल, तरी परिणाम तोच. पंतप्रधानांनी ३ ऑक्टोबर २०१४ रोजी ‘मन की बात’ सुरू केली तेव्हा रेडिओची निवड त्याच्या व्याप्तीसाठीच केली. ती व्याप्ती मध्यमलहरींनी कमावलेली होती. सरकार आपल्या विचारांचे आहे म्हणून त्याच्या खात्यातील ढिलाईकडे डोळेझाक करावी, असे शिक्षण आपल्याला कोणी दिलेले नाही.

माझी मागणी मोठी नाही. कोणताही मध्यमलहरी प्रक्षेपक कायमचा बंद करण्यापूर्वी त्याच्या क्षेत्रातील वाड्या-पाड्यांवर प्रत्यक्ष मोजणी व्हावी, एफ.एम. तिथे खरोखर लागते का, ते संच हातात घेऊन पाहावे, नकाशावर वर्तुळ काढून नव्हे. जे प्रक्षेपक चालू आहेत त्यांचे जमिनीखालचे जाळे तपासावे. स्टुडिओतील आवाजाची पातळी जुळवण्यासाठी तर पैसाही लागत नाही, कान लागतो. एल.ई.डी. दिव्यांच्या विद्युत गळतीची मानके कागदावर न ठेवता बाजारात तपासावीत.

आणि श्रोत्यांनी? पूर्वी रेडिओचे शौकीन दूरदूरच्या केंद्रांना ग्रहण-अहवाल पाठवत. दिनांक, वेळ, कंप्रता, आवाज किती स्पष्ट, अडथळा कोणता. मी गुरुजींना एक वही दिली. त्यांनी शिक्षकी शिस्तीने रकाने आखले. दिवा चालू असताना, दिवा बंद असताना, पाऊस असताना, सूर्यास्तानंतर. ‘निवेदन कळले, आकडे कळले नाहीत’ अशी नोंद त्यात वारंवार येते. चार महिन्यांची पाने संबंधित कार्यालयाकडे टपालाने रवाना केली. पोच आली, उत्तर आलेले नाही. गुरुजींनी पाचव्या महिन्याचे रकाने आखून ठेवले आहेत.