तीस पत्त्यांचा संसार

भ्रमणध्वनीवर पत्ते खेळणे म्हणजे वेळेची निव्वळ नासाडी, असे मानणारी वडील मंडळी घरोघर आहेत. त्यांच्याशी येथे वाद घालण्याचा आमचा हेतू नाही. नासाडी आम्हीही केली आहे, आणि ती कशी केली हेच सांगावयाचे आहे. आमचे प्रांजळ मत असे, की पत्त्यांचा संच बांधण्यास बुद्धी पुरते, परंतु तो सुधारण्यास धीर लागतो. आणि बहुतेक जण घसरतात ते तेथेच.

‘हार्थस्टोन’ हा खेळ ब्लिझर्ड या अमेरिकन कंपनीने २०१४ साली आणला. रमीप्रमाणे येथे सर्वांना तेच बावन्न पत्ते नसतात. प्रत्येकाने आपल्या संग्रहातून तीस पत्ते निवडावयाचे. एकच पत्ता फार तर दोनदा, आणि ‘लेजंडरी’ असेल तर एकदाच. पत्ता टाकण्यास ‘माना’ नावाचे बळ खर्चावे लागते. ते पहिल्या खेपेस एक, दुसऱ्या खेपेस दोन, असे दहापर्यंत वाढते. कोणी स्वस्त पत्त्यांचा मारा करून लवकर डाव उरकू पाहतो, कोणी हल्ले परतवीत भारी पत्त्यांची वाट पाहतो. या दोहोंमधला मार्ग म्हणजे ‘मिडरेंज’ संच. उतावळ्याला थोपवावयाचे आणि रेंगाळणाऱ्याला घाईस आणावयाचे, अशी त्याची दुहेरी जबाबदारी.

२०१८ साली, याच शाळेत नववीत असताना, आम्ही ‘हंटर’चा असा संच बांधला. तिसऱ्या खेपेस ‘ॲनिमल कंपॅनियन’ एखादे जनावर आणून देई. चौथ्या खेपेस ‘हाऊंडमास्टर’ त्याला बळकट करून ढालीसारखे पुढे उभे करी. आणि सहाव्या खेपेस ‘सॅव्हाना हायमेन’ हा सिंह अवतरे. तो मेला तरी मागे दोन तरस सोडून जाई! मनातल्या मनात आम्ही केव्हाच जिंकलो होतो.

प्रत्यक्षात लागोपाठ तीन डाव हरलो. तिन्हींत आरंभ आमचाच होता, आणि सिंह एकदाही वेळेवर हाती आला नाही. संतापून आम्ही दोन्ही सिंह मोडून टाकले. पत्ता मोडल्यास या खेळात भुकटी मिळते आणि तिच्यातून दुसरा पत्ता घडविता येतो. मात्र त्या दर्जाचा पत्ता मोडला तर वीस मिळतात, आणि घडवावयाचा तर शंभर लागतात. पंधरवड्याने चूक उमगली तेव्हा चाळीस भुकटीचे सिंह दोनशे देऊन परत आणावे लागले. ती तूट भरण्यात वाढदिवसाचे पैसे पत्त्यांच्या पुडक्यांत गेले. आईला हे अद्याप ठाऊक नाही. या अंकातच वाचील.

वस्तुतः वर्गात शिकलेले गणित तेव्हाच आठवावयास हवे होते. प्रथम खेळणाऱ्यास आरंभी तीन पत्ते मिळतात व पुढे प्रत्येक खेपेस एक, म्हणजे सहाव्या खेपेपर्यंत नऊ. त्या नवांत दोन सिंहांपैकी निदान एक असण्याचा संभव शेकडा ५२ च्या आसपास. आरंभीचे पत्ते बदलण्याची मुभा धरली तर थोडा अधिक. तिन्ही डावांत तो न येणे हे सुमारे नवांतून एकदा घडणारच! सिंहाचा काही अपराध नव्हता. पहिल्या दोन खेपांस टाकण्याजोगे पत्तेच आम्ही पुरेसे ठेवले नव्हते. सहावी खेप येईतो आमची दाणादाण उडालेली असे.

मग आम्ही एक वही केली. कोणाशी हरलो, कोणता पत्ता हातात नुसता पडून राहिला, हे प्रत्येक डावानंतर टिपावयाचे, आणि वीस डाव झाल्यावाचून संचाला हात लावावयाचा नाही. विजेत्यांचे आयते संच उतरवून घेणारे मित्र आम्हांस हसत. उतरवून घेण्यात पाप नाही. परंतु तो संच ज्या प्रतिपक्षांसाठी घडला, तेच आपल्या वाट्यास येतील असे थोडेच आहे? वीस डावांनंतर दोन भारी पत्ते बाहेर गेले आणि दोन स्वस्त आत आले. सिंह मात्र होते तेथेच राहिले.