कानावर दाणे, तळव्यात आग
रात्री पांघरुणाचा काठ लागला तरी तळव्यांची आग होते आणि दिवसा चप्पल निसटली तरी पत्ता लागत नाही. मधुमेहाने नसा बिघडल्या की असा उलटा कारभार सुरू होतो. प्रीगाबालिन, ड्युलोक्सेटिन ही औषधं आहेत, पण कुणाला गुंगी येते, कुणाला मळमळतं. मग जोडीला कानावर मोहरीएवढे दाणे पट्टीने चिकटवून ते दिवसातून काही वेळा चिमटीत दाबायचा उपाय पुढे येतो. कानावरच्या अशा बिंदूंचा आधुनिक नकाशा फ्रान्समधल्या लिओंचे डॉक्टर पॉल नोजिए यांनी १९५०च्या दशकात मांडला: कान म्हणजे उलटं अर्भक! सायटिकाच्या काही रुग्णांना कानावर डागून घेतल्यावर आराम पडल्याचं त्यांनी पाहिलं होतं. अर्भक पटो न पटो, कानाच्या खोलगट भागात व्हेगस नसेची शाखा पोचते, हे खरं. या उपायाचे अभ्यास मात्र बहुतेक छोटे. शिवाय दाबल्याचं रुग्णाला कळतंच, त्यामुळे विश्वासाचा वाटा वेगळा काढणं कठीण. आणि ठणका कमी झाला तरी बधिर तळवा बधिरच राहतो. फोड आलाय का, हे आरसा धरून रोज बघावंच लागतं, आणि कानावरच्या पट्टीखालची कातडीसुद्धा.