सही कोणाची आणि बांधील कोण?

१९५५ साली फिलाडेल्फियाच्या ओव्हरब्रुक हायस्कूलमधून बाहेर पडलेला एक सात फुटी मुलगा कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावी शिकायला गेला. विल्ट चेंबरलेन त्याचे नाव. 'शिकायला' हा शब्द इथे जरा जपूनच वाचायचा. शंभरावर कॉलेजे त्याच्या मागे लागली होती, आणि ती काही त्याचे गणित चांगले होते म्हणून नव्हे. घराजवळची सारी दारे उघडी असताना हा कृष्णवर्णीय मुलगा गव्हाच्या शेतांच्या मुलखात गेला, त्यामागे फॉग ॲलन हे तिथले बास्केटबॉल प्रशिक्षक होते. जेम्स नेस्मिथने १८९१ साली स्प्रिंगफील्डच्या वायएमसीएत पीचच्या टोपल्या टांगून हा खेळ जन्माला घातला. पुढे तो कॅन्सस विद्यापीठात आला आणि ॲलन त्याच्याच हाताखाली तयार झाले. (खेळाचा जनक असलेला नेस्मिथ हा कॅन्ससच्या इतिहासातला एकमेव कोच, ज्याच्या खाती विजयांपेक्षा पराभव जास्त जमा आहेत.) ॲलननी चेंबरलेनला वळवण्यासाठी कॅन्ससमधली नामवंत कृष्णवर्णीय मंडळी पुढे केली, घरच्यांना भेटले आणि मुलगा आणला.

त्या काळी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघातून खेळता येत नसे. चेंबरलेनचे ते वर्ष सरेपर्यंत ॲलन सत्तरीला पोचले आणि सक्तीच्या निवृत्तीच्या नियमाने घरी गेले. ज्यांच्या शब्दावर मुलगा आला, त्यांच्या हाताखाली मुख्य संघाचा एकही सामना त्याला खेळायला मिळाला नाही. त्याने जायचे म्हटले तर कुठे जायचे? दुसरे कॉलेज धरावे तर वर्ष वाया. एनबीएत जावे तर बरोबरचे विद्यार्थी पदवीधर होईपर्यंत तिथले दार बंद. १९५८ मध्ये कंटाळून त्याने कॉलेज सोडले आणि ते उरलेले एक वर्ष हार्लेम ग्लोबट्रॉटर्सबरोबर गावोगाव खेळत काढले.

अलीकडे दर वसंतात अमेरिकेत एक विलाप ऐकू येतो, म्हणून ही जुनी गोष्ट आठवली. खेळाडूंना निष्ठा उरली नाही, ट्रान्सफर पोर्टलमुळे दर वर्षी अख्खा संघ बदलतो, पैशाने कॉलेजचा खेळ नासवला, असा त्याचा सूर असतो. विलाप करणाऱ्यांत कोच आहेत, समालोचक आहेत, आणि ज्यांच्या देणग्यांवर हा सारा बाजार उभा आहे ते धनिक माजी विद्यार्थीही आहेत. त्यांचे ऐकताना वाटते, की कुठेतरी एक सत्ययुग होऊन गेले असावे. इतिहासात ते शोधायला गेले तर सापडत नाही.

१९५७ च्या अंतिम सामन्याचेच बघा. कॅन्ससला तीन जादा डावांनंतर ५४–५३ असे हरवले ते नॉर्थ कॅरोलिनाने. दक्षिणेतल्या त्या विद्यापीठाच्या आकाशी पोशाखातले पाचही खेळाडू न्यूयॉर्क आणि आसपासचे होते. कोच फ्रँक मॅग्वायर स्वतः न्यूयॉर्कचे. आपल्या शहरातली पोरे हेरून दक्षिणेत पाठवण्याची त्यांची व्यवस्था इतकी पक्की होती, की लोक तिची चेष्टेने आणि कौतुकाने चर्चा करत. म्हणजे कॅरोलिनाच्या नावाने खेळणाऱ्या न्यूयॉर्कच्या पोरांनी कॅन्ससच्या नावाने खेळणाऱ्या फिलाडेल्फियाच्या पोराला हरवले. 'आपल्या मातीतला संघ' ही कल्पना तेव्हाही प्रेक्षकांच्या मनातच होती.

रिक्रूटिंग म्हणतात ते आपल्याकडच्या कांदेपोह्यांच्या कार्यक्रमासारखे असते. फरक एवढाच, की बघायला आलेल्यानेच आर्जवे करायची. नावाजलेला कोच दिवाणखान्यात बसून आईच्या हातचे खातो, चर्चबद्दल बोलतो, तुमच्या लेकराला मी माझ्या लेकरासारखे बघीन म्हणतो. मग सही होते. १९६४ पासून त्या सहीसाठी 'नॅशनल लेटर ऑफ इंटेंट' नावाचा छापील कागद आला. त्याने मुलगा कॉलेजला वर्षभर बांधला जाई. दिवाणखान्यातला तो गोड माणूस दुसऱ्याच महिन्यात दुप्पट पगारावर दुसरीकडे गेला, तरी मुलगा बांधलेलाच राही. तो कागद अलीकडेपर्यंत चालू होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो कायमचा निकालात निघाला.

ही व्यवस्था ज्या शब्दावर तगून होती, त्याची जन्मकथा सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तो शब्द 'स्टुडंट-ॲथलीट'. कॉलेजांच्या खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएए या संस्थेचे पहिले कार्यकारी संचालक वॉल्टर बायर्स यांच्या काळात तो घडवला गेला. कारण शैक्षणिक नव्हते, वकिली होते. १९५५ मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट लुईस कॉलेजचा फुटबॉलपटू रे डेनिसन सामन्यात डोक्याला मार बसून गेला. कामावर मेलेल्या कामगाराच्या कुटुंबाला मिळते तशी भरपाई त्याच्या पत्नीने मागितली. १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. याच सुमारास, १९५६ मध्ये, खेळासाठी पूर्ण स्कॉलरशिप द्यायला एनसीएएने परवानगी दिली होती. आता स्कॉलरशिप घेऊन सराव करणारा, सांगतील तिथे जाणारा, नाही गेला तर स्कॉलरशिप गमावणारा मुलगा कामगार ठरू नये, यासाठी हे जोडनाव सर्वत्र वापरायचे ठरले. बायर्सनी १९९५ मध्ये पुस्तक लिहून हे स्वतःच कबूल केले. तोवर ते निवृत्त झाले होते. आपल्याकडेही बड्या अधिकाऱ्यांना सत्य बहुधा निवृत्तीनंतरच सुचते.

१९७३ मध्ये तर चार वर्षांची स्कॉलरशिप बंद करून ती दर वर्षी नव्याने द्यायची ठरली. म्हणजे कॉलेज दर वर्षी मोकळे. खेळाडूने मात्र कॉलेज बदलले तर एक वर्ष बाकावर बसायचे, आणि कोणत्या कॉलेजशी बोलायचे याचीही जुन्या कोचकडून परवानगी घ्यायची. संघबांधणीची खरी दोरी ही होती. खेळाडू सोडून जात नसत ते निष्ठेपोटी, असे म्हणणे म्हणजे दावणीच्या बैलाला घराची ओढ आहे म्हणण्यासारखे.

या बंदिस्त काळात उज्ज्वल काहीच नव्हते असे नाही. १९६६ मध्ये डॉन हॅस्किन्सनी एल पासोच्या टेक्सास वेस्टर्नसाठी न्यूयॉर्क, डेट्रॉइट, गॅरी अशा शहरांतून आणलेल्या पाच कृष्णवर्णीय खेळाडूंनी ॲडॉल्फ रप यांच्या सगळ्या गोऱ्या केंटकीला ७२–६५ असे हरवले. ज्या मुलांकडे दक्षिणेतली कॉलेजे बघायलाही तयार नव्हती, त्यांच्याकडे बघण्याची नजर एका कोचने दाखवली आणि पुढच्या काही वर्षांत दक्षिणेतल्या संघांच्या याद्या बदलल्या. यूसीएलएच्या जॉन वूडननी बारा वर्षांत दहा विजेतेपदे जिंकली. तिथला शिस्तीचा धडा आजही व्यवस्थापनाच्या वर्गांत शिकवला जातो. त्या खेळाडूंना मदत करणारा सॅम गिल्बर्ट नावाचा श्रीमंत कंत्राटदार त्या धड्यात सहसा नसतो.

पैसा नेहमीच होता. तो पाकिटातून फिरत होता, एवढेच. चेंबरलेनला मिळालेल्या मोटारीवरून एनसीएएने कॅन्ससवर १९६० मध्ये कारवाई केली होती. मिशिगनला १९९१ मध्ये आलेल्या 'फॅब फाइव्ह' या पाच नवख्या खेळाडूंनी पहिल्याच वर्षी अंतिम फेरी गाठली, ढगळ चड्ड्या आणि काळे मोजे देशभर विकले गेले, आणि पुढे एका पाठीराख्याने दिलेल्या पैशापायी त्यांचे ते सामने नोंदीतूनच पुसले गेले. सप्टेंबर २०१७ मध्ये एफबीआयने बूट कंपनीची माणसे आणि सहायक कोच पकडले. लुईव्हिलचे रिक पिटिनो त्या प्रकरणात पायउतार झाले. पाकिटे देणारे पकडले गेले, तेव्हा एनसीएएच्या हाती मार्च महिन्यातल्या स्पर्धेच्या प्रक्षेपणाचा करार होता. २०१० मध्ये तो चौदा वर्षांसाठी १०.८ अब्ज डॉलरना झाला होता, आणि २०१६ मध्ये आणखी ८.८ अब्जांना २०३२ पर्यंत वाढवला गेला होता.

मग बांध फुटला. ऑक्टोबर २०१८ मध्ये पोर्टल सुरू झाले. म्हणजे एक नोंदवही, जिच्यात नाव घातले की कोचची परवानगी नको. २०२१ मध्ये एकदा कॉलेज बदलले तर बाकावर बसण्याची अट गेली. त्याच वर्षी जूनमध्ये एनसीएएविरुद्धच्या ॲल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नऊ विरुद्ध शून्य असा निकाल दिला. प्रश्न फक्त शिक्षणाशी निगडित लाभांवरच्या मर्यादेचा होता, पण न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांच्या स्वतंत्र टिपणाने एनसीएएच्या वकिलांना धडकी भरली. १ जुलैपासून खेळाडूंना आपले नाव आणि छबी विकण्याची मुभा मिळाली. एप्रिल २०२४ पासून कितीही वेळा कॉलेज बदला. आणि ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी एनसीएएविरुद्धच्याच हाउस खटल्यातील तडजोड मान्य केली. जुन्या खेळाडूंना सुमारे २.८ अब्ज डॉलर, आणि प्रत्येक मोठ्या कॉलेजला सगळे खेळ मिळून पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर खेळाडूंना थेट वाटण्याची मुभा.

यात एक विसंगती आपल्या घरातली आहे. परदेशी विद्यार्थ्याला एफ-१ व्हिसावर परवानगीशिवाय बाहेर काम करता येत नाही, हे पुण्या-नाशिकहून गेलेल्या प्रत्येकाला पाठ असते. तीच अडचण परदेशी खेळाडूंची. काँगोत जन्मलेला केंटकीचा ऑस्कर त्शिब्वे २०२२ मध्ये संघाबरोबर बहामात गेला आणि जाहिरातींची कामे त्याने त्या भूमीवर उरकली.

आता आजच्या संघबांधणीकडे या. एप्रिल २०२४ मध्ये जॉन कॅलिपारी केंटकी सोडून आर्कान्सोला गेले. त्यांच्या जागी आलेल्या मार्क पोप यांना स्कॉलरशिपवरचा एकही जुना खेळाडू मिळाला नाही. त्यांनी ड्रेक्सेल, डेटन, सॅन डिएगो स्टेट अशी ठिकठिकाणची माणसे जमवली आणि वर्षभरात शेवटच्या सोळांत नेली. २०२५ चा विजेता फ्लोरिडा. त्यांचे तीन मुख्य खेळाडू दुसरीकडून आलेले. वॉल्टर क्लेटन आयोनाहून, अलायजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकहून, विल रिचर्ड बेलमाँटहून. निष्ठा हरवली म्हणणाऱ्यांनी जरा तारखा तपासाव्यात. क्लेटनने आयोना सोडले ते कोच सेंट जॉन्सला गेल्यावर, आणि ते कोच म्हणजे पुन्हा पिटिनोच. मार्टिनने कॉलेज सोडले ते कोच डस्टी मे मिशिगनला गेल्यावर. आधी कोच गेले. त्यांच्या जाण्याला बढती म्हणतात.

तरीही या नव्या व्यवस्थेत एक खरे नुकसान आहे, आणि मुक्ततेच्या बाजूने बोलणाऱ्याने ते लपवू नये. लहान कॉलेज ही पूर्वी खेळाडू मुरण्याची जागा होती. २०२२ मध्ये जर्सी सिटीच्या सेंट पीटर्सने, पंधराव्या मानांकनावरून, केंटकीला हरवत शेवटच्या आठांत धडक मारली. त्या क्रमांकावरून तिथवर तोपर्यंत कोणी गेले नव्हते. सामना हरल्यावर काही दिवसांतच कोच शाहीन हॉलोवे सीटन हॉलला गेले आणि पाठोपाठ संघाची पांगापांग झाली. डोळ्यांदेखत जमलेला संघ ऋतू संपायच्या आत विकला गेला. २०२५ मध्ये शेवटच्या सोळांतला एकही संघ कॉलेजांच्या चार श्रीमंत परिषदांच्या (कॉन्फरन्सांच्या) बाहेरचा नव्हता. लहान कॉलेजे आता रोपवाटिका झाली आहेत. रोप ती वाढवतात, झाड दुसऱ्याच्या अंगणात जाते.

यावर एनसीएएचा उपाय ठरलेला आहे. अमेरिकन काँग्रेसकडून कायद्याचे कवच घ्यायचे, खेळाडू कामगार नाहीत हे कायद्यात लिहून घ्यायचे आणि जुनी दोरी पुन्हा बांधायची. बायर्सचा शब्द सत्तर वर्षांनी संसदेत न्यायचा, इतकेच. याहून सरळ रस्ता आहे. तीन वर्षे खेळाडू हवा, तर तीन वर्षांचा करार करा, आणि त्या तीन वर्षांत दुखापत झाली, फॉर्म गेला, कोच बदलला तरी पैसे द्या. त्यासाठी समोर करार करायला कोणीतरी लागते, म्हणजे संघटना लागते. मार्च २०२४ मध्ये डार्टमथच्या बास्केटबॉलपटूंनी १३ विरुद्ध २ मतांनी संघटना करण्याचा कौल दिला होता. कॉलेजने वाटाघाटीला नकार दिला, आणि वॉशिंग्टनमध्ये सत्ता बदलण्याआधी, डिसेंबरअखेर, खेळाडूंनी तो अर्ज मागे घेतला. विस्कळीतपणाबद्दल कॉलेजे आज गळा काढतात, पण व्यवस्था आणण्याची जी संधी चालून आली ती त्यांनी स्वतःच परतवली.

नॉर्थ कॅरोलिनातल्या डेव्हिडसनची यात काय गत होईल, याची मला उत्सुकता आहे. दोन हजारांच्या आसपास विद्यार्थ्यांचे ते कॉलेज. २००६ मध्ये तिथे एक किडकिडीत मुलगा आला. वडील डेल हे व्हर्जिनिया टेकचे नावाजलेले खेळाडू, पण त्याच व्हर्जिनिया टेकने मुलाला स्कॉलरशिप दिली नाही, हवे तर आपल्या खर्चाने ये म्हणाले. २००८ मध्ये त्याने गोंझागा, जॉर्जटाउन आणि विस्कॉन्सिनला हरवून डेव्हिडसनला शेवटच्या आठांत नेले. तिथे ५९–५७ असे हरवले ते, योगायोग बघा, कॅन्ससने. त्यानंतरही स्टेफ करी आणखी एक वर्ष डेव्हिडसनलाच राहिला. आजच्या नियमांत त्या उन्हाळ्यात त्याला किती फोन आले असते, हे सांगायला नको. मार्च २०२५ मध्ये डेव्हिडसनने बास्केटबॉलसाठी सहायक जनरल मॅनेजर नेमला. निधी उभा करणे आणि आलेली मुले टिकवणे, हे आता अशा पदांचे काम. नेमलेला माणूस करीच आहे, आणि तो अजून एनबीएत खेळतो आहे.