रेघांमध्ये काय बघायचं?

परवाचीच गोष्ट. करी रोडच्या आमच्या चाळीत बचत गटाची बैठक माझ्याच खोलीत होती. हिशेबाची वही शोधताना मुलीने ग्रंथालयातून आणलेलं चित्रांचं पुस्तक खाली पडलं आणि एक पान उघडलं. पानावर एक छोटंसं चित्र. रंग नाही, माणूस नाही, झाड नाही. नुसत्या बारीक काळ्या रेघा. काही समांतर, काही तिरक्या, काही मध्येच थांबलेल्या.

"ह्या कसल्या रेघोट्या! माझा नातूपण मारील," शेजारच्या मावशी म्हणाल्या. सगळ्या हसल्या. खरं सांगते, मीही हसले. बी.ए. झालेली असले तरी अशा चित्रांपुढे मला नेहमी अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न आल्यासारखं होतं.

माझे सासरे, आबा, खाटेवरून ऐकत होते. आबा गिरणीत साचेखात्यात होते. १९८२ च्या संपात ते काम सुटलं ते सुटलंच. म्हणाले, "बघू गं." चष्मा लावून बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "अगं, हा तर ताणा! साच्यावर धागे असेच ताणलेले दिसतात. पण इथे मध्ये जागा मुद्दाम सोडलीय बघ. म्हणून नजर तिथेच जाते." त्यांनी दाखवल्यावर आम्हाला ती मोकळी जागा दिसली. तोवर आम्ही बघितलंच कुठे होतं?

चित्र होतं नसरीन मोहमदी यांचं. जन्म १९३७ सालचा, कराचीचा. लहानपणीच मुंबईत आल्या, पुढे लंडनला चित्रकला शिकल्या. मुंबईत भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये त्या काम करत, तिथेच वासुदेव गायतोंडेही होते. गिरगावातल्या चाळीत वाढलेले आपले गायतोंडे. दोघांच्याही कामात गोष्ट नाही, प्रसंग नाही. १९७२ पासून नसरीन बडोद्याला शिकवत होत्या. तिथले भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख असे चित्रकार माणसं आणि गोष्टी रंगवत असताना ही बाई एकटी कागद, पेन्सिल, शाई आणि इमारतींचे नकाशे काढायची अवजारं घेऊन रेघा ओढत बसली. बहुतेक चित्रांना त्यांनी नावही दिलं नाही.

असं काही एकदम उगवत नाही. रशियात काझिमिर मालेविचने १९१५ साली नुसता काळा चौकोन प्रदर्शनात मांडला होता. चित्राने कशाची तरी नक्कल करायलाच हवी का, हा त्याचा प्रश्न. पण नसरीन यांच्या रेघा नुसत्या परदेशातून आलेल्या नाहीत. समुद्रकाठची वाळू, रस्त्यावरचे पट्टे, फत्तेपूर सिक्रीचं दगडी आवार यांचे फोटो त्या काढत. बघणं आधी, रेघ नंतर.

मला वाटतं, आपण चुकीचा प्रश्न विचारतो. "हे काय आहे?" असं विचारलं की हे चित्र गप्प बसतं. "हे कसं केलंय? कुठे दाट, कुठे विरळ? माझी नजर कुठे थांबते?" असं विचारलं की बोलायला लागतं. साडीच्या दुकानात आपण पोत, काठ, चौकडी अशीच बघतो. तिथे कुणी विचारतं का, या चौकडीचा अर्थ काय म्हणून? बघून झाल्यावरही नाही आवडलं, तर नाही म्हणावं. तो आपला हक्कच. पण न बघताच "आपल्याला काय कळतंय" म्हणून पान उलटायचं, ही सवय आपण चित्रांपुरती ठेवत नाही. बँकेचा कागद, डॉक्टरांचा रिपोर्ट, ग्रामसभेचा ठराव, सगळीकडे तेच म्हणतो आणि दुसऱ्याकडे सरकवतो.

एक सांगायचं राहिलं. पुढे नसरीन यांना मज्जासंस्थेचा आजार झाला. हालचालींवरचा ताबा सुटत चालला, तरी कागदावरची रेघ सरळच राहिली. १९९० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला त्या गेल्या, अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षी.

हे मी मोठ्याने वाचून दाखवत होते, तेव्हा आबा हळूच म्हणाले, "हात सुटल्यावर रेघ सरळ कशी येते गं?"

"पट्टी धरून, सावकाश येत असेल, आबा."

दोन वर्षं झाली, आबांचा हात थरथरतो. चारचौघांत ते चहासुद्धा घेत नाहीत. त्या दिवशी त्यांनी बायकांसमोर कप मागितला. थोडा बशीत सांडला. कुणी काही बोललं नाही. मावशींनी पुस्तक परत मागून घेतलं आणि तेच पान काढलं.

मैत्रिणींनो, असं एखादं चित्र समोर आलं, तर पाच मिनिटं द्या. मग खुशाल हसा.