क्युबाच्या उसाची गोष्ट

नोंदी घ्यायला शिवारात गेलो की, "परदेशाच्या राजकारणाशी आपल्याला काय करायचंय?" असं कुणीतरी म्हणतंच. त्यांना आम्ही क्युबाचा दाखला देतो.

क्युबा हा ऊसवाल्यांचा देश. त्याची बरीचशी साखर अमेरिका घेई. दोघांचं बिनसलं आणि जुलै १९६० मध्ये अमेरिकेने खरेदीचा कोटा तोडला. रशियाने फेब्रुवारीतच दरसाल १० लाख टनांचा पाच वर्षांचा करार केला होता. पुढे तोच मोठं गिऱ्हाईक झाला. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबातल्या क्षेपणास्त्रांवरून युद्ध पेटायची वेळ आली. केनेडी आणि ख्रुश्चेव्ह यांनी ते आपसांत मिटवलं. कॅस्ट्रोंना विचारलंसुद्धा नाही. १९९१ साली सोव्हिएत संघ मोडला, चढ्या भावाची खरेदी संपली. २००२ मध्ये क्युबाने जवळजवळ निम्मे साखर कारखाने बंद केले.

युद्ध टळलं हे बरंच झालं. पण एकाच गिऱ्हाईकावर विसंबलेल्याला वाटाघाटीत कोणी विचारत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. आपल्याला निदान वार्षिक सभेत तरी बोलता येतं. तेव्हा सभेला या, आणि साखर कुठे, कोणाला, काय भावाने विकली ते जरूर विचारा.